कुलूप शेवटी बघू

वाचकाचं पत्र (नाव न छापण्याच्या विनंतीवरून, थोडं संक्षिप्त करून):

‘मी निवृत्त आहे, वय ६९. कॉम्प्युटरवर बातम्या वाचत असताना एकाएकी सगळा पडदा इशाऱ्यांनी भरून गेला, भोंगा वाजू लागला आणि एका बाईचा आवाज “कॉम्प्युटर बंद करू नका, तुमची माहिती चोरली जात आहे” असं सारखं बजावू लागला. खाली मायक्रोसॉफ्टचं नाव आणि फोन नंबर. मी फोन केला. पलीकडचे गृहस्थ अतिशय अदबशीर. त्यांनी एनीडेस्क हा दुरून कॉम्प्युटर चालवू देणारा प्रोग्राम टाकायला सांगितला आणि माझ्या मशीनमधल्या शेकडो चुका मला दाखवल्या. तासाभराने “पाच वर्षांच्या संरक्षणा”ची फी मागितली. मी कार्डाचा सगळा तपशील भरला, पण ओटीपी सांगताना मन कचरलं. मुलाला विचारून सांगतो म्हणालो, तर त्यांचा सूरच पालटला. पडदा काळा झाला, मला शिवी दिली आणि फोन ठेवला. आता कॉम्प्युटर लावला की विंडोज ७ सुरू होण्याआधीच एक छोटी चौकट “स्टार्टअप पासवर्ड” मागते. असा पासवर्ड मी कधीच ठेवलेला नव्हता. तो माणूस रोज फोन करून सांगतो, निम्मी फी भरा, पासवर्ड देतो. आत जुन्या फोटोंचे स्कॅन आहेत आणि मी कित्येक वर्षं जमवत आलेली आमची वंशावळ. मुलगा पुढच्या महिन्यात येतोय, त्याला कळायच्या आत हे निस्तरायचंय. निम्मी फी भरून मोकळं व्हावं का?’

सप्रेम नमस्कार,

नाही. निम्मी नाही, पाव नाही, काहीच भरू नका. आणि तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून तुमचे फोटो आणि वंशावळ जागच्या जागी शाबूत असण्याची शक्यता फार मोठी आहे. ते बाहेर कसं काढायचं ते पुढे सांगतोच. पण त्याआधी वेगळंच काम आहे आणि ते आजचं आहे. हे उत्तर अर्धवट सोडून आधी ते उरकलंत तरी माझी हरकत नाही.

तुम्ही सगळं कुलपाबद्दल विचारलंय. कुलूप डोळ्यांसमोर आहे, रोज सकाळी बटण दाबलं की दिसतं, म्हणून तेच मोठं वाटतं. मला काळजी वाटते ती कुलूप लागण्याआधीच्या तासाची. त्या तासात एक अनोळखी माणूस तुमच्या घरात मोकळा फिरत होता आणि जाताना रागाने दाराला कुलूप ठोकून गेला. कुलूप निघेल. आतून तो काय काय उचलून किंवा बघून गेला, ते आधी पाहायला हवं.

पहिला फोन बँकेला. नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो, तोच लावा. गुगलवर शोधू नका, कारण बँकांच्या नावाने खोटे नंबर पेरून ठेवणारी मंडळीही याच धंद्यातली असतात. कार्ड बंद करायला सांगा, नवं मागवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. ‘मी ओटीपी दिलाच नाही, मग पैसे कसे जातील’ असं धरून बसू नका. ओटीपी न मागता कार्ड चालवणाऱ्या वेबसाइटही जगात आहेत, आणि तुमच्या कार्डाचा नंबर, मुदतीची तारीख आणि मागचे तीन आकडे असं सगळं त्याच्याकडे गेलेलं आहे. त्या कॉम्प्युटरवरून तुम्ही कधी नेटबँकिंग केलं असेल तर त्याचा पासवर्डही बदला, आणि पैसे पाठवण्याच्या यादीत कुणी नवीन खातेदार जोडला गेलाय का तेही पाहा. पैसे गेलेले दिसले तर बँकेला तोंडी सांगून थांबू नका, लेखी कळवा, आणि त्याच दिवशी सायबर पोलिसांकडे तक्रार नोंदवा. अशा प्रकरणात जेवढी घाई कराल तेवढे पैसे वाटेत अडवले जाण्याची आशा जास्त.

दुसरं काम ईमेलचं. बाकीच्या सगळ्या खात्यांचे ‘पासवर्ड विसरलात का’वाले दुवे ईमेलवरच येतात, म्हणून ज्याच्या हाती ईमेल त्याच्या हाती सगळं. फोनवरून किंवा दुसऱ्या एखाद्या चांगल्या कॉम्प्युटरवरून ईमेलचा पासवर्ड बदला, सगळीकडून साइन आउट व्हा आणि दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा. मग सेटिंगमध्ये जाऊन दोन गोष्टी नीट वाचा. खातं परत मिळवण्यासाठी दिलेला फोन आणि पर्यायी ईमेल तुमचाच आहे ना? आणि तुमचे ईमेल परस्पर कुठल्या दुसऱ्या पत्त्यावर जावेत असा नियम कुणी लावून ठेवलेला नाही ना? हा नियम फार चोरटा असतो. पासवर्ड बदलला तरी तो चालूच राहतो.

ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवून ठेवायची सवय असेल तर ते सगळेच फुटले असं समजा. तुमच्या विंडोजच्या खात्याला पासवर्ड नव्हता, असं पत्रावरून वाटतं. तसं असेल तर साठवलेले पासवर्ड एकेक करून उघडून बघायला समोर बसलेल्या माणसाला, किंवा दुरून तुमचा माउस हलवणाऱ्याला, काहीच आडवं येत नाही. एका बैठकीत सगळे बदलायची गरज नाही. जिथे पैसे किंवा ओळखपत्रं आहेत ती खाती आधी. आणि हो, त्याने फोनवरही एखादं अ‍ॅप टाकायला लावलं होतं का? पत्रात तसं नाही, पण लावलं असेल तर बँकेला फोन करण्याआधी ते काढा, नाहीतर तुमचा फोनचा पडदाही तो पाहत बसलेला असेल.

एवढं झालं की कुलपाकडे या.

विंडोज सुरू होण्याआधी येणारी ‘स्टार्टअप पासवर्ड’ची चौकट म्हणजे सिसकी नावाच्या एका जुन्या सोयीची करामत. विंडोज एनटी ४.० च्या १९९७ सालच्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये ती आली. उद्देश चांगला होता. विंडोज आपल्या वापरकर्त्यांच्या पासवर्डांची गुप्त नोंद सॅम नावाच्या एका फाइलमध्ये ठेवतं. ती फाइल कुणी चोरून नेली तरी वाचता येऊ नये म्हणून ती आणखी एका किल्लीने बंद करायची, आणि हवं तर ती किल्ली पासवर्ड म्हणून माणसाच्या डोक्यात ठेवायची. घरच्या वापरात हे कुणी कधी केलं नाही, बहुतेकांना ते ठाऊकही नव्हतं. भामट्यांनी मात्र ते बरोबर हेरलं. विंडोजला थेट आज्ञा देण्याच्या ‘रन’ नावाच्या चौकटीत एक शब्द टाइप करायचा, एक पर्याय निवडायचा, दोनदा पासवर्ड टाकायचा, संपलं. तुमचा पडदा काळा झाला होता ना, ते याचसाठी. सगळं मिनिटाभरात उरकतं. शेवटी मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीपासून सिसकी काढूनच टाकली. त्यामागची दोन कारणं कंपनीने स्वतःच दिली होती. त्यातलं कूटलेखन, म्हणजे माहिती किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशी बदलण्याची पद्धत, आता कच्चं ठरलंय हे एक, आणि खंडणीच्या फसवणुकीत तिचा वापर होतो हे दुसरं.

तुमच्या दृष्टीने यातली मोलाची गोष्ट अशी की सिसकी बंद करते ती फक्त ती पासवर्डांची नोंद. तुमचे फोटो, तुमची पत्रं, वंशावळ यांना ती हातही लावत नाही. डिस्कवर ते सगळं साध्या, वाचता येण्याजोग्या स्वरूपात पडून आहे. विंडोजला आत शिरता येत नाही म्हणून तुम्हाला शिरता येत नाही, एवढंच. तेव्हा विंडोजला वळसा घालायचा.

त्याचे दोन मार्ग आहेत. डेस्कटॉप असेल तर डबा उघडून हार्ड डिस्क काढायची, यूएसबीला लावायच्या अ‍ॅडॉप्टरवर चढवायची आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला बाहेरच्या डिस्कसारखी जोडायची. किंवा डिस्कला न हलवता, उबंटू किंवा लिनक्स मिंटसारखी, विंडोजऐवजी चालणारी प्रणाली पेन ड्राइव्हवर घेऊन तिच्यावरूनच हा कॉम्प्युटर सुरू करायचा, म्हणजे आतली डिस्क नुसती फोल्डरांची एक यादी म्हणून समोर येते. पहिला मार्ग घेतलात तर दुसऱ्या कॉम्प्युटरवरचं विंडोज तुमच्या नावाच्या फोल्डरवर क्लिक केल्यावर ‘तुम्हाला इथे परवानगी नाही’ म्हणेल. घाबरू नका, खालच्या ‘कंटिन्यू’वर क्लिक करायचं. फाइली जास्त असतील तर परवानग्या बदलायला त्याला बराच वेळ लागतो, मध्येच बंद करू नका.

घ्यायचं काय? युजर्समधलं तुमच्या नावाचं अख्खं फोल्डर. त्यात डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप सगळं येतं. वंशावळीबाबत मात्र जरा थांबा. ती तुम्ही वर्डमध्ये लिहिली असेल तर प्रश्न नाही. पण वंशावळीच्या खास प्रोग्राममध्ये केली असेल तर काही जुने प्रोग्राम आपली फाइल डॉक्युमेंट्समध्ये न ठेवता स्वतःच्याच फोल्डरात, प्रोग्राम फाइल्समध्ये किंवा प्रोग्राम डेटामध्ये ठेवतात. लोक मोठ्या काळजीने डॉक्युमेंट्स उचलतात, डिस्क पुसतात, आणि मग शोधाशोध करतात. तेव्हा प्रोग्रामचं नाव आठवून लिहून ठेवा आणि त्या नावाची फोल्डरं सगळीकडे शोधायला सांगा. ती फाइल नव्या मशीनवर उघडली की लगेच जेडकॉम स्वरूपात तिची एक प्रत काढा. वंशावळीचे बहुतेक सगळे प्रोग्राम ते स्वरूप वाचतात, म्हणजे पुढे कुठलाही प्रोग्राम बंद पडला तरी तुमचं अडणार नाही.

प्रोग्राम, सेटअपच्या फाइली, ‘ड्रायव्हर’ वगैरे काही उचलू नका. फोटो आणि कागदपत्रं घ्या, आणि नव्या जागी उघडण्याआधी अँटिव्हायरसने तपासा. जाता जाता प्रोग्राम डेटामधलं एनीडेस्कचं फोल्डरही पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा. कुठल्या आयडीवरून, किती वाजता जोडणी झाली याच्या नोंदी त्यात असतात. पोलिसांना दाखवायला तुमच्या आठवणीपेक्षा तो पुरावा बरा.

हे तुम्ही स्वतः कराल की कुणाकडून करून घ्याल, ते तुमच्या हाताच्या सवयीवर आहे. कुणाकडे दिलंत तर आधी स्पष्ट सांगा, आणि जमलं तर कागदावर लिहून मशीनला चिकटवा: ‘आधी सगळ्या फाइलींची प्रत. मी ती उघडून पाहिल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही.’ दुरुस्ती करणाऱ्यांचा हात पटकन फॉरमॅटकडे जातो. त्यांच्या दृष्टीने तोच सोपा इलाज, आणि चौकट दिसली की ‘यातून काही निघणार नाही’ असं म्हणून मोकळेही होतात. तुमच्या बाबतीत ते खरं नाही.

आता कुलूप उघडायचं का? फाइली निघाल्यावर ते तसं ऐच्छिक आहे, पण तुमची उत्सुकता मला समजते. त्या माणसाने पासवर्ड घाईत टाकलेला आहे, तेव्हा १२३, १२३४ असले चारदोन ढोबळ पासवर्ड टाकून बघायला हरकत नाही. त्यात संध्याकाळ घालवू नका. सेफ मोडचा उपयोग नाही, तिथेही तीच चौकट येते. खरा उपाय म्हणजे विंडोज रजिस्ट्रीची, म्हणजे विंडोज आपल्या सगळ्या सेटिंग जिथे ठेवतं त्या नोंदींची, जुनी प्रत परत बसवणं. विंडोज ७ अधूनमधून आपणहून अशी प्रत काढून कॉन्फिग फोल्डरच्या आत रेगबॅक नावाच्या फोल्डरात ठेवत असतं. विंडोजच्या डिस्कवरून दुरुस्तीच्या पडद्यावर जायचं, कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, सध्याच्या पाच फाइली (सॅम, सिक्युरिटी, सॉफ्टवेअर, सिस्टम, डिफॉल्ट) नाव बदलून बाजूला ठेवायच्या आणि रेगबॅकमधल्या त्याच नावाच्या पाच तिथे आणायच्या. पाचही एकाच वेळच्या हव्यात, आणि त्यांची तारीख त्या फोनच्या आधीची हवी. नंतरची असेल तर कुलूपही सोबत येईल. सिस्टम रिस्टोअरचा जुना टप्पा शिल्लक असेल तर तोही चालतो, पण हे लोक जाताना ते टप्पे पुसून जातात असा अनुभव आहे. जाणकार माणसाला हा परिच्छेद नुसता वाचायला दिलात तरी त्याला पुरे.

आणि उघडलं, तरी ते विंडोज ठेवू नका. त्या तासात काय काय बसवलं गेलं याची यादी कुणाकडेच नाही. एनीडेस्कमध्ये असा पासवर्ड ठेवता येतो की पुढच्या वेळी तुम्ही ‘हो’ म्हणायचीही गरज राहत नाही, आणि ते काढून टाकलं तरी शेजारी स्क्रीनकनेक्टसारखं दुसरं काही गुपचूप चालू नसेल असं कशावरून? शोधत बसण्यापेक्षा डिस्क पूर्ण पुसून नवी प्रणाली टाकणं कमी कष्टाचं आहे. तसंही विंडोज ७ ला सुरक्षेच्या नेहमीच्या सुधारणा मिळणं १४ जानेवारी २०२० ला थांबलं, आणि विंडोज १० चं तेच १४ ऑक्टोबर २०२५ ला झालं. तुमचं मशीन विंडोज ११ पेलणार नाही असा माझा अंदाज आहे. नवं घ्यायचं नसेल तर लिनक्स मिंट टाका. बातम्या, ईमेल, फोटो यासाठी ते छान चालतं. बँकेचे व्यवहार मात्र जुन्या विंडोजवर पुन्हा करू नका.

दुसऱ्या कुणाची चौकट तुमच्यासारखी नसेल, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. फोन केलाच नाही, नुसता पडदा भरून इशारा आलाय, तर काहीही बंद पडलेलं नाही. ती एक वेबसाइट आहे, ब्राउझरने पूर्ण पडदा व्यापलेला. एस्केपचं बटण दाबून धरा, नाहीतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा, तेही जमलं नाही तर पॉवरचं बटण दाबून धरा. परत सुरू केल्यावर ब्राउझर ‘आधीची पानं उघडू का’ विचारेल, तिथे नाही म्हणा. विंडोजच्या नेहमीच्या लॉगिनचाच पासवर्ड बदललेला असेल आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करत असाल तर तो दुसऱ्या यंत्रावरून बदलून घेता येतो. निळ्या पडद्यावर ४८ आकडी किल्ली मागितली जात असेल तर ते बिटलॉकर, विंडोजची अख्खी डिस्क कुलूपबंद करण्याची सोय. तिथे वळसा घालता येत नाही, डिस्क खरोखर कूटबद्ध असते. किल्ली तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली आहे का ते आधी पाहा. भामट्यानेच बिटलॉकर लावलं असेल तर मात्र वेगळ्या प्रतीवर भिस्त. आणि फाइली दिसतात पण त्यांच्या नावांना भलतंच शेपूट लागलंय, उघडत नाहीत, असं असेल तर ते खरं रॅन्समवेअर, म्हणजे फाइलीच कूटबद्ध करून खंडणी मागणारा प्रोग्राम. ‘नो मोअर रॅन्सम’ नावाचा उपक्रम युरोपोल आणि डच पोलिसांनी काही सुरक्षा कंपन्यांबरोबर २०१६ मध्ये सुरू केला, तिथे काही प्रकारांच्या किल्ल्या फुकट मिळतात.

पुन्हा तुमच्याकडे वळतो. पत्राच्या मूळ प्रतीत तुम्ही लिहिलं होतं, ‘शिकलेला माणूस असून मी कसा फसलो?’ छापताना ते वाक्य गाळलं, पण उत्तर देतो. त्याने तुम्हाला बहुधा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडून दाखवला असणार: डाव्या बाजूला फोल्डर, उजवीकडे लाल खुणा आणि पिवळे त्रिकोण, खाली सरकवत गेलं तरी संपतच नाहीत. ते सगळं खरं होतं. प्रत्येक ठणठणीत विंडोजमध्ये ते तसंच असतं. एखादी सेवा सुरू व्हायला दोन सेकंद जास्त लागले, इंटरनेट क्षणभर गेलं, प्रिंटर बंद होता, की एक नोंद पडते. मग काळ्या चौकटीत कमांड देऊन एक लांबलचक क्रमांक दाखवतात, ८८८डीसीए६० पासून सुरू होणारा, आणि म्हणतात, ‘हा तुमच्या कॉम्प्युटरचा गुप्त परवाना क्रमांक, माझ्याकडेही हाच आहे, जुळवून बघा.’ जुळतोच. जगातल्या सगळ्या विंडोजमध्ये तो एकच आहे. फाइल दाबून पाठवण्याच्या एका क्षुल्लक सोयीची ती ओळख. म्हणजे पडद्यावर खोटं काहीच नव्हतं, खोटं होतं ते त्याचं निरूपण. ज्याने आयुष्यभर समोर दिसलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवून काम केलं, असा माणूस तिथे अडकतो, आणि त्याला भोळा म्हणण्यात मला काही अर्थ दिसत नाही. त्यातून तुम्ही ओटीपीला थांबलात. त्या माणसाचा सगळा संताप त्याच एका गोष्टीवर होता.

एक खूणगाठ मात्र उपयोगी पडेल. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात कधीही फोन नंबर नसतो. पडद्यावर इशारा आणि नंबर एकत्र दिसले की पुढचं वाचायचंच नाही.

आता मुलगा. तो यायच्या आत निस्तरायचं, असं तुम्ही म्हणता. माझं मत उलटं आहे. आजच त्याला फोन करा, आणि लाजेकाजेचा प्रश्न बाजूला ठेवून अगदी व्यवहाराच्या कारणासाठी करा. तुमच्या ईमेलची संपर्क यादी त्या माणसाने पाहिली असेल तर पुढचा फोन तुमच्या नावाने मुलालाच जाऊ शकतो: ‘तुमचे वडील अडचणीत आहेत, ताबडतोब पैसे पाठवा.’ त्याला आधी माहीत असेल तर तो फोन तिथेच मरतो. शिवाय डिस्क काढून प्रत घ्यायला दुसरा कॉम्प्युटर आणि दोन तरणे हात लागतील. ‘माझ्या कॉम्प्युटरमध्ये एका माणसाने घुसून कुलूप लावलंय, बँकेला कळवून झालंय, फाइली काढायला तुझी मदत हवी’ एवढंच म्हणा. यात लपवण्यासारखं काय आहे सांगा बरं? तो थोडं बोलेल. बोलू दे.

रोजच्या त्या फोनचं असं करा. उचलू नका, नंबर ब्लॉक करा, आणि दुसऱ्या नंबरवरून आला तर एक शब्दही न बोलता ठेवा. वाद घालून, कायद्याची धमकी देऊन काही होत नाही. उलट फोन उचलणारा माणूस म्हणून यादीत तुमचं नाव वर चढतं. काही आठवड्यांनी कदाचित वेगळाच फोन येईल. आवाज दुसरा, सूर अगदी सहानुभूतीचा: ‘तुमची फसवणूक करणारी कंपनी बंद पडली, तुमचे पैसे परत करायचे आहेत, फक्त कॉम्प्युटर जोडू द्या.’ किंवा ‘आम्ही सायबर विभागातून बोलतोय, थोडी फी भरलीत की वसुली करून देतो.’ तीच टोळी असते, किंवा तिच्याकडून तुमचा नंबर विकत घेतलेली दुसरी. यातला परताव्याचा खेळ असा चालतो की ते तुमच्याच ब्राउझरमध्ये बँकेच्या पानावरचा शिलकीचा आकडा बदलून दाखवतात, ‘अरेरे, चुकून दहापट जास्त पाठवले’ म्हणून रडकुंडीला येतात, आणि जास्तीचे ‘परत’ मागतात, तेही गिफ्ट कार्डांच्या नंबरांत. आकडा फक्त पडद्यावर बदललेला असतो, खात्यात काहीच आलेलं नसतं. तुम्ही तर त्यांना काही दिलेलंच नाही, तेव्हा परत कसले मिळणार? पण फोनवर पाच मिनिटं बोलत राहिलं की हा हिशेबही गोंधळतो, म्हणून बोलायचंच नाही.

डिस्कवरच्या फाइली निघाल्या आणि वंशावळीची फाइल सापडली नाही, किंवा सापडून उघडली नाही, तर प्रोग्रामचं नाव आणि फाइलच्या नावाचं शेपूट, म्हणजे टिंबानंतरची अक्षरं, मला कळवा. तोवर ती डिस्क पुसू देऊ नका.